लावणीची तबकडी आणि समीक्षेचे सोवळे

मराठी समीक्षेला लावणी मान्य आहे. अट एवढीच की ती रचणारा शाहीर मरून निदान शंभर वर्षे लोटलेली असावीत. रामजोशी, अनंत फंदी, होनाजी, परशराम, सगनभाऊ, प्रभाकर ही नावे वाङ्मयेतिहासाच्या ग्रंथांत सन्मानाने येतात, त्यांच्या रचनांचे पाठभेद चर्चिले जातात, त्यांच्या शृंगाराला ‘पेशवाईतील जीवनाचे प्रतिबिंब’ असे भारदस्त नाव देऊन तो पचवलाही जातो. तीच लावणी विसाव्या शतकात तबकडीतून ऐकू येऊ लागली तेव्हा मात्र समीक्षेने ती ऐकलीच नाही. पुढे ती तबकडी ऐकून फडातल्या एखाद्या स्त्रीने बोर्डावर उभी राहून तीच लावणी म्हटली, तेव्हा समीक्षेला अचानक कान फुटले आणि तिने ‘लोककलेचा ऱ्हास’ झाल्याचा निर्वाळा दिला. तबकडीविषयीचे मौन आणि फडाविषयीची ही तक्रार एकाच वृत्तीतून येतात. ती वृत्ती वाङ्मयीन म्हणवून घेत असली तरी तिचे मूळ वाङ्मयात नाही.

या तक्रारीचे एक ठरलेले ठिकाण आहे. पुणे-नाशिक रस्त्यावरचे नारायणगाव आणि त्याला लागूनच असलेले वारूळवाडी हा जुन्नर तालुक्यातला पट्टा तमाशाची पंढरी म्हणून ओळखला जातो. गुढीपाडव्याच्या सुमारास येथे ढोलकीफडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे कारभारी आपल्या यात्रेची तिथी घेऊन येतात, फड पाहतात, भाव करतात आणि सुपारी देऊन जातात. दर वर्षी याच दिवसांत वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून तोच लेख नव्या नावाखाली छापून येतो : फड आता गण-गौळण उरकून घेतात, वग आटोपता घेतात, आणि रंगबाजीत चित्रपटातली गाणी म्हणतात. माहिती म्हणून यात खोटे काही नाही. परंतु ही माहिती विद्यापीठीय लेखनात जशीच्या तशी उचलली जाते आणि तेथे तिचा सिद्धान्त होतो. मूळचे अस्सल, चित्रपटातले बाजारू, आणि बाजारूची नक्कल म्हणजे अध:पतन, अशी ती उतरंड. तिच्यात प्रत्येक पायरीवर कोण उभे आहे, हे विचारण्याचे कष्ट कोणी घेत नाही.

हा सिद्धान्त ज्या एका उदाहरणावर तपासून पाहता येतो ते सर्वांच्या कानांवरून गेलेले आहे. १९५९ मध्ये अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. पटकथा व्यंकटेश माडगूळकरांची, गीते ग. दि. माडगूळकरांची, संगीत वसंत पवारांचे. हंसा वाडकर आणि जयश्री गडकर या दोघी त्यात होत्या. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात तो १३१ आठवडे चालला. त्यातली बुगडीची लावणी आशा भोसले यांनी गायिली, पडद्यावर जयश्री गडकर नाचल्या, आणि तबकडीच्या रूपाने ती चित्रपटापासून सुटी होऊन हॉटेलांत, लग्नमांडवांत, जत्रेतल्या कर्ण्यांवर पोहोचली. चित्रपट न पाहिलेल्यांनाही ती पाठ झाली. मराठीत त्या दशकात याहून अधिक लोकांच्या तोंडी गेलेली काव्यरचना शोधायची तर ‘गीतरामायणा’कडेच वळावे लागेल, आणि तिकडे वळल्यावर पंचाईत होते ती अशी की त्याचा कवीही तोच आहे.

‘गीतरामायण’ १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्याला प्रसारित झाले. छप्पन्न गीते, सुधीर फडके यांचे स्वर, अनेक गायकांचे आवाज. तेही गायिलेलेच काव्य होते, यंत्रातूनच घरोघर पोहोचले होते, नेमून दिलेल्या वेळेत आणि नेमून दिलेल्या तारखेला लिहिले गेले होते. यांतल्या कोणत्याही गोष्टीने त्याचे वाङ्मयपण उणावले नाही. कवीला ‘आधुनिक वाल्मीकी’ म्हटले गेले. ते पुस्तकरूपाने आले, त्यावर प्रबंध झाले. चार वर्षांनी त्याच लेखणीतून उतरलेली लावणी मात्र ‘चित्रपटगीत’ या खोक्यात गेली आणि खोके बंद झाले. गीतकार आणि कवी यांत भेद करावा की नाही या प्रश्नावर मराठीत पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. माडगूळकरांना १९७३ मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले तेव्हा तो प्रश्न व्यवहारापुरता मिटला, असेही समजले जाते. वस्तुतः तो मिटलेला नाही, फक्त वाटून घेतला गेला आहे. भक्ती आणि वात्सल्य गाणारा माडगूळकर कवी ठरला. लावणी लिहिणारा माडगूळकर व्यवसायाने गीतकार राहिला.

आणखी एक तुलना अधिक बोचरी आहे. माडगूळकरांच्या ‘जोगिया’ या कवितेत कोठ्यावर गाणारी स्त्री आहे. ती कविता मराठी अभिरुचीने डोक्यावर घेतली, १९५६ च्या संग्रहाला तिचेच नाव आहे, आणि शृंगाराचा व्यवसाय करणाऱ्या स्त्रीच्या अंतःकरणाचे दर्शन म्हणून तिचा आस्वाद अनेकांनी घेतला. तेथे गाणाऱ्या स्त्रीकडे पाहणारा एक निवेदक आहे, मैफल उठून गेलेली आहे, आणि जे उरते ते करुणेला सोयीचे आहे. तीच स्त्री प्रथमपुरुषी, भर मैफलीत, ढोलकीच्या साथीने बोलू लागली की तिला अंतःकरण आहे हे समीक्षेच्या लक्षात राहत नाही. गाणारी स्त्री कवितेचा विषय म्हणून चालते. बोलणारी म्हणून ती चालत नाही.

लावणीत प्रत्यक्षात घडते ते अगदी थोडे. साताऱ्याच्या वाटेवर कानातला दागिना गळून पडतो, आणि ही गोष्ट वडिलांच्या कानी घालू नये अशी गळ घातली जाते. बुगडी हा कानाच्या वरच्या पाळीतला दागिना. तो आपोआप सहसा पडत नाही, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते, आणि ते ठाऊक असल्याचे गाणारीला ठाऊक असते. म्हणजे सांगितलेली घटना ही न सांगितलेल्या घटनेची खूण आहे. येथपर्यंत लावणीच्या परंपरेतील संकेतव्यवस्था ओळखीचीच आहे. खरी गंमत संबोधनात आहे. गुपित राखण्याची विनंती ज्यांना केली जाते ते कोण? पडद्यावरच्या तमाशात ते समोर बसलेले गावकरी असतात, विजयानंदमध्ये ते तिकीट काढून आलेले पुणेकर असतात, तबकडी लावल्यावर तो घरात एकटा बसलेला श्रोता असतो. गर्दीसमोर उच्च स्वरात केलेली गुप्ततेची विनंती हा या रचनेचा गाभा आहे. तिचा अर्थ शब्दांत सामावत नाही, तो प्रत्येक वेळी समोर कोण बसले आहे यावर ठरतो. पुढे हीच लावणी शाळांच्या स्नेहसंमेलनांत आली. तेथे वडिलांना सांगू नका अशी लाडिक विनंती करणारी सातवीतली मुलगी आणि समोर खुर्च्यांवर कौतुकाने बसलेले वडील, असा अर्थनिर्णयनाचा जो पेच निर्माण होतो तो कोणत्याही वाचककेंद्री समीक्षकाने आनंदाने सोडवायला घ्यावा असा आहे. कोणी घेतल्याचे दिसत नाही.

‘मी’चा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. हा ‘मी’ स्त्रीचा. शब्द पुरुषाने लिहिलेले, चाल पुरुषाने बांधलेली, आवाज एका स्त्रीचा, शरीर दुसऱ्याच स्त्रीचे. फडातली वा संगीतबारीतली कलावंतीण स्वतः गाते, स्वतः नाचते, अदाही तीच करते. तिच्या ‘मी’ला एकच धनी असतो. चित्रपटाने आवाज आणि शरीर यांची फारकत केली. पार्श्वगायनाच्या आरंभीच्या काळात तर आवाजाला नावही नव्हते : १९४९ च्या ‘महल’मधील लता मंगेशकरांच्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून पडद्यावरच्या पात्राचे, ‘कामिनी’चे, नाव होते. दहा वर्षांनी मराठी लावणीची तबकडी आली तोवर आवाजाला नाव मिळाले होते. शरीराला तारकापद मिळाले होते. ज्या बोर्डावरून ती अदा, तो ठेका, ती लाडिक तक्रार उचलली गेली, त्या बोर्डावरच्या बायकांची नावे मात्र ना तबकडीवर आली, ना पडद्यावर, ना पुढे समीक्षेत.

अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू सव्वातीन-साडेतीन मिनिटांत संपते, आणि फडातली लावणी या मापात बसत नाही. तेथे ढोलकी आधी बोलते, हलगी तिला उत्तर देते, झीलकरी शेवटचा शब्द उचलून धरतात, सोंगाड्या मध्येच तोंड घालू शकतो, दौलतजादा करणाऱ्याचे नाव पुकारले जाते आणि त्याच्या फर्माईशीवर एखादे कडवे पुन्हा म्हटले जाते. तबकडी हे सारे गाळते. ते गाळल्यामुळे लावणी निकृष्ट होते, असे ऱ्हासवाद्यांचे म्हणणे. परंतु गाळण्यातून काय घडते हे त्यांनी कधी पाहिलेले नाही. झीलकऱ्यांची जागा वाद्यवृंदाने घेतल्यावर पुनरुक्तीचा सामूहिक अर्थ जातो आणि ती तक्रार एका व्यक्तीची होते. सोंगाड्याचा व्यत्यय गेल्यावर उपरोधाचे सारे ओझे आवाजावर येते : शब्दाच्या शेवटी किंचित रेंगाळणे, श्वास ऐकू देणे, हसू दाबल्यासारखा उच्चार. रोलाँ बार्थ यांनी १९७२ च्या एका निबंधात आवाजाच्या पोताची, गाणाऱ्या देहाच्या भाषेतील खुणेची जी चर्चा केली, तिला मराठीत याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. मर्ढेकरांनी ‘लय’ या संकल्पनेवर मराठी सौंदर्यशास्त्राचा एक मोठा इमला उभा केला. संवाद, विरोध, समतोल ही त्यांची तत्त्वे पिढ्यान्‌पिढ्या परीक्षेत विचारली गेली. त्या इमल्यात ढोलकीचा ठेका मोजायला कोणी गेले नाही, ही गोष्ट नमूद करण्याजोगी आहे.

समीक्षेने ऐकले नाही याला त्या काळातील शासनमान्य अभिरुचीचेही पाठबळ होते. १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणी खात्याचे मंत्री असलेल्या बा. वि. केसकर यांच्या धोरणाने चित्रपटसंगीत आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाले. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि अखेर १९५७ मध्ये ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. चित्रपटगीतांनी रिकाम्या केलेल्या जागेत सुगम संगीताला आश्रय मिळाला आणि मराठी भावगीताचे भाग्य उजळले. १९६२ मधील ‘शुक्रतारा’ हे या घडामोडीचे लखलखीत फळ. मंगेश पाडगावकरांचे शब्द, श्रीनिवास खळ्यांची चाल, अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांचे आवाज. आकाशवाणीवरून आलेले, नंतर तबकडीवर गेलेले. प्रेमाची मंद, तरल, कोणालाही अवघडून न टाकणारी भाषा. त्या गीताचे सौंदर्य निर्विवाद आहे आणि ते कमी लेखण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की दोन्ही तबकड्यांत प्रेमाचीच गोष्ट आहे, दोन्हींचे कवी मान्यताप्राप्त आहेत, दोन्ही व्यवसायासाठी मुद्रित झाल्या आहेत. मग एक ‘भावगीत’ म्हणून आत्म्याची अभिव्यक्ती का ठरते आणि दुसरी ‘लावणी’ म्हणून देहाची का? ‘भाव’ हा शब्द एका प्रकाराच्या नावातच बसवून टाकल्यावर उरलेल्यांच्या वाट्याला भाव येत नाही, हे उघड आहे. मराठी भावगीताचा आस्वाद ज्या वर्गाने घेतला त्याच वर्गाने मराठी समीक्षा लिहिली, यात योगायोग काही नाही.

याला जुना दाखला आहे. ‘एकच प्याला’ १९१९ मध्ये रंगभूमीवर आले तेव्हा त्यातील पदांना चाली देण्यात पुण्याच्या सुंदराबाई जाधव यांचा मोठा हात होता. लावणी, गझल, ठुमरी गाणाऱ्या या गायिकेच्या गळ्यातले सूर बालगंधर्वांच्या गळ्यात गेले आणि नाट्यसंगीत झाले. नाट्यसंगीत ही मराठी संस्कृतीची ठेव झाली. ठेवीत भर घालणारीचे नाव तळटीपेत राहिले.

फडातल्या ‘नकले’विषयी जे बोलले जाते त्यात येण्याजाण्याची वाट एकाच दिशेची मानली जाते : लोककलेतून चित्रपटात गेले तर ‘प्रेरणा’, चित्रपटातून फडात आले तर ‘प्रदूषण’. फडाकडून घेतलेल्या ऐवजाला मूळ घराचा पत्ता विचारला जात नाही, आणि तोच ऐवज घरी परतला की त्याच्यावर चोरीचा आळ येतो. बुगडीची लावणी फडाच्या बोलीत, फडाच्या ठेक्यावर, फडाच्या गोष्टीसाठी रचली गेली. ती जेव्हा नारायणगावच्या एखाद्या फडात म्हटली जाते तेव्हा चित्रपटाने केलेली फारकत तेथे मोडते. आवाज आणि शरीर पुन्हा एका स्त्रीचे होतात, झीलकरी परततात, सोंगाड्याला बोलायला जागा मिळते. गुपित राखण्याची विनंतीही खऱ्या गावासमोर, पुढच्या रांगेत बसलेल्या खऱ्या कारभाऱ्यांसमोर केली जाते. शब्द तेच राहून संहिता बदलते. मूळ तबकडीपेक्षा हा आविष्कार चांगला की वाईट हा पुढचा प्रश्न. पण त्याला नक्कल म्हणणे हे ऐकण्याचा आळस लपवण्यासाठी आहे.

मराठी अभ्यासपरंपरेला या घटनेसाठी शब्द परका नाही. तो ‘पाठ’ हा आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, याचा अर्थ त्यापूर्वी तीनशे वर्षे ती म्हणणाऱ्यांच्या तोंडी आणि उतरवणाऱ्यांच्या हाती बदलत आली होती. तुकोबांच्या गाथेच्या प्रतींत अभंगांची संख्या जुळत नाही, शब्द जुळत नाहीत, क्रम जुळत नाही. शंकर पांडुरंग पंडितांपासून पुढे संपादकांनी आयुष्ये त्यात घातली आणि कोणी वारकऱ्यांना नक्कलखोर म्हटले नाही. खुद्द शाहिरी लावणीही बाडांतून, म्हणजे गाणाऱ्यांच्या टिपणांतूनच हाती आलेली आहे. म. वा. धोंड यांच्या १९५६ च्या ‘मऱ्हाटी लावणी’नंतर तरी लावणी हा प्रयोगातून सिद्ध होणारा प्रकार आहे हे वेगळे सांगण्याची गरज नसावी. आल्बर्ट लॉर्ड यांनी १९६० मध्ये युगोस्लाव्हियातील गायकांच्या आधारे मांडले की मौखिक परंपरेत प्रत्येक गायन ही नवी रचना असते. ते वाचून मराठी अभ्यासकांनी ओव्या, पोवाडे आणि जागरण-गोंधळ यांच्याकडे नव्याने पाहिले. तबकडीकडून फडाकडे आलेली लावणी मात्र या दृष्टीतून वगळली गेली, कारण तिच्या उगमाशी यंत्र आहे. यंत्रामुळे तेजोवलय नष्ट होते, असे वॉल्टर बेन्यामिन यांचे नाव घेऊन सांगण्याची रीत आहे. १९३६ च्या त्या निबंधात बेन्यामिन यांनी त्या नाशाचे नुसते रडगाणे गायिलेले नव्हते, त्यात त्यांना एक मोकळीकही दिसत होती. हा अर्धा भाग मराठीत येताना वाटेत सांडला, बुगडीसारखाच.

देशीवादाकडून येथे अधिक अपेक्षा होती. भूमी, भाषा आणि परंपरा यांच्या नात्यातून साहित्याकडे पाहण्याचा आग्रह भालचंद्र नेमाडे यांच्या ‘टीकास्वयंवर’ने १९९० मध्ये ठामपणे पुढे आणला आणि मध्यमवर्गीय अभिरुचीचे वस्त्रहरणही केले. तरीही देशीवादी अभ्यासात तमाशाचे जे रूप गौरवले जाते ते कर्णा, तबकडी, कॅसेट आणि डीजे यांच्या आधीचे. परंपरा जिवंत असते ती तिला हाती लागेल ते वापरू दिल्याने. फडाने नाटकातून पदे घेतली, कीर्तनातून गण घेतला, चित्रपटातून चाली घेतल्या; हे त्याचे देशीपणच आहे. तो बिघडल्याची हळहळ आणि पुणेरी अभिरुचीची हळहळ यांचा सूर एकच लागतो.

साहित्यविभागांनी सोडून दिलेले हे काम समाजशास्त्राने आणि इतिहासाने उचलले. शर्मिला रेगे यांनी १९९५ मधील निबंधात लावणी कलावंतिणींच्या लैंगिकतेची जातीय घडण उलगडून दाखवली आणि वरच्या जातींनी लावणीचे केलेले अपहरण नेमके मांडले. शैलजा पाईक यांच्या २०२२ च्या ग्रंथाने ‘अश्लील’ आणि ‘अस्सल’ हे शब्दच जातिव्यवस्थेत कसे घडतात आणि त्यांना सामोरे जाताना ‘माणुसकी’ची मागणी कशी उभी राहते, हे पवळाबाईंपासूनच्या कलावंतिणींच्या आधारे दाखवले. पठ्ठे बापूरावांचे नाव वाङ्मयेतिहासात आहे; ज्यांच्या आवाजाने त्यांची कवने गावोगाव गेली त्या पवळाबाई हिवरगावकर तेथे दंतकथा म्हणून उरतात. स्वातंत्र्यानंतर लगेचच मुंबई राज्यात तमाशावर बंदी आली आणि दत्तो वामन पोतदारांच्या समितीने त्याच्या सुधारणेची चिकित्सा केली, तेव्हाही तपासले गेले ते शब्दच. या अभ्यासांनंतर ‘अस्सल’ हा शब्द निरागसपणे वापरण्याचा अधिकार कोणाही समीक्षकाला उरलेला नाही.

तथापि अपहरणाचा सिद्धान्तही येथे पूर्ण पडत नाही. चित्रपटाने लावणी हिरावून घेतली एवढेच म्हटले तर फड पुन्हा एकदा निव्वळ बळी ठरतो, आणि हिरावलेले परत घेणारी त्याची कर्तबगारी दिसेनाशी होते. अपहरण अर्थव्यवस्थेत झाले, हे खरेच. तबकडीचे स्वामित्व कंपनीकडे गेले आणि फडाला त्यातून कपर्दिकही मिळाली नाही. परंतु अर्थाच्या पातळीवर देवघेव थांबली नाही, आणि ती मोजायची तर शब्द, स्वर, अदा आणि संबोधन यांचे विश्लेषण लागते. ते समाजशास्त्राचे काम नव्हे. साहित्यसमीक्षेने स्वतःचे काम न करता रेगे-पाईकांचे दाखले देऊन सुटका करून घेणे हा सोवळ्याचाच नवा प्रकार आहे.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्याबाबत हे सोवळे सर्वांत स्पष्ट दिसते. १९३५ मध्ये जन्मलेल्या आणि २००२ मध्ये निधन पावलेल्या या कलावतीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. खेळ चालू असताना बोर्डामागे प्रसूत होऊन पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्याची हकिकत प्रत्येक लेखात येते. १९५७ आणि १९९० मधील राष्ट्रपती पुरस्कार येतात. अखेरच्या काळातली हलाखी येते. त्यांच्या नावाने राज्य शासन देत असलेल्या जीवनगौरव पुरस्काराचाही उल्लेख येतो. त्या गात कशा होत्या, लावणीचे कोणते कडवे कोठे तोडत, कोणता शब्द हेतुतः सपाट म्हणत, पुरुषाने लिहिलेल्या ‘मी’ला त्यांच्या तोंडी काय होई, यावर ओळ सापडत नाही. त्यांचे सोसणे समीक्षेला पुरले. हंसा वाडकरांचे दैव थोडे बरे : चित्रपटाचेच नाव घेऊन १९७० मध्ये आलेले त्यांचे ‘सांगत्ये ऐका’ हे आत्मकथन निदान वाङ्मय म्हणून वाचले गेले, १९७७ मध्ये श्याम बेनेगलांच्या ‘भूमिका’ला आधारभूत ठरले. छापील शब्द होता म्हणून.

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे आणि तो हलका नाही. प्रत्येक गायनाला ‘पाठ’ म्हटले तर बरेवाईट ठरवायचे कशाने? बारा महिने डीजेवर तेच ते नाचणाऱ्या मेळ्यालाही मग पाठच म्हणणार का? उत्तर असे की ‘पाठ’ हे वर्णन आहे, प्रशस्तिपत्र नव्हे. गाथेतही प्रक्षिप्त अभंग असतात, आणि प्रक्षिप्त ठरवण्यापूर्वी ते वाचावे लागतात. बुगडीच्या लावणीचा एखादा फडातला पाठ वाईट असेल तर तो का वाईट हे सांगता आले पाहिजे : विनंतीतला उपरोध हरवून नुसता लाडिकपणा उरला म्हणून, ढोलकीने आवाज गिळला म्हणून, झील यांत्रिक झाली म्हणून. हे निकष कलेच्या आतले आहेत. ‘चित्रपटातले आहे म्हणून वाईट’ हा निकष बाहेरचा आहे, आणि त्याचा वापर कोणाविरुद्ध होतो ते पाहिले म्हणजे तो कोठून आला तेही कळते. २०१० च्या ‘नटरंग’मधली लावणी मध्यमवर्गीय विवाहसमारंभांत नाचली गेली तेव्हा ‘लावणीला प्रतिष्ठा मिळाली’ असे लिहिले गेले. गावच्या यात्रेत फडातल्या मुली त्याच गाण्यावर नाचल्या तेव्हा ऱ्हासाची चर्चा झाली. गाणे एक, वर्ष एक. फरक नाचणाऱ्यांत होता.

पदव्युत्तर अभ्यासक्रमात लोकसाहित्याच्या पत्रिकेत लावणी आहे. तिच्यासाठी लावलेली पुस्तके छापील आहेत, प्रश्न ‘लावणीचे स्वरूप व वैशिष्ट्ये’ असा येतो, आणि उत्तरात प्रभाकरानंतर उडी थेट पठ्ठे बापूरावांवर पडते; तेथे लावणी संपते. वर्गात तबकडी वाजत नाही, फडातल्या गायनाचे ध्वनिमुद्रण संग्रही नाही, कारण ते संशोधनाची सामग्री म्हणून कोणी केलेच नाही. वारूळवाडी-नारायणगावच्या राहुट्यांत प्रत्येक हंगामात जे पाठ तयार होतात ते चैत्रात म्हटले जातात आणि पावसाळ्याआधी विरतात. त्यांची तुलना करायची म्हटली तर आज हाताशी आहे ती एकच प्रत : १९५९ ची, सव्वातीन मिनिटांची, कंपनीच्या मालकीची. ऱ्हास सिद्ध करण्यासाठी निदान दोन प्रती लागतात.